बिनआवाजाची मॅच

लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणाऱ्या माणसाशी लग्न करायचं असेल तर एक गोष्ट आधीच ऐकून ठेवा. तो ओरडतो. लाडात आला तरी ओरडतो. मी लग्न होऊन भिवंडीतल्या कामतघरला आले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटत होतं, या माणसाला माझा कसला तरी राग आलाय. जेवताना मीठ मागायचा तर शेजारच्या चाळीतली बाई मीठ घेऊन दारात उभी राहायची. मी एकदा रडतरडत सासूला विचारलं, तर ती म्हणाली, अगं बाय, दिवसभर खटॅक-खटॅक ऐकून कान गेलेत त्याचे, तू नको मनावर घेऊ.

पण याच माणसांची दुसरी एक तऱ्हा होती, ती मला हळूहळू कळली. कारखान्यात लूम चालू असले की कितीही घसा फोडला तरी शेजारच्याला ऐकू जात नाही. म्हणून ही माणसं तिथं आवाजच वापरत नाहीत. नुसते ओठ हलवतात, आणि चार लूम पलीकडचा माणूस ते वाचून उत्तर देतो. धागा तुटला, मुकादम आला, चहा मागव, तुझ्या बायकोला कितवा महिना, सगळं ओठांवर. नवऱ्यानं मला ते शिकवलं. एकत्र कुटुंबात नव्या नवरीला याच्यापेक्षा मोठा दागिना नाही. सासूसासरे समोर जेवत बसलेले असायचे आणि हा मान खाली घालून, आवाज न करता मला सांगायचा, भाजी खारट झालीय पण तू छान दिसतेस. मला ठसका लागायचा. सासू पाण्याचा तांब्या पुढं सरकवायची आणि म्हणायची, हळू जेव, कोण पळवून नेत न्हाय.

आमचं घर शेताच्या कडेला होतं. भात कापून झोडून झालं की शेत पावसाळ्यापर्यंत रिकामं पडायचं, तेव्हा निजामपुऱ्यातला एक फुटबॉलचा क्लब ते खेळायला घ्यायचा. बदल्यात क्लबनं उन्हाळ्यात आमचे बांध घालून द्यायचे, असा आजेसासऱ्यांच्या वेळचा बोलीचा करार. पोरं आधी धसकटं उपटायची, मग ढेकळं फोडायची, मग दोन-दोन बांबू रोवून वरून सुताची दोरी ताणायची. झाला गोल. निम्मी टीम अनवाणी खेळायची. बूट होते ते कॅप्टनला आणि आणखी दोघाचौघांना.

शुक्रवारी लूम बंद. दुपारची नमाज झाली की निजामपुऱ्याकडून माणसांची रांगच्या रांग आमच्या शेताकडं यायची. उत्तरेकडचे विणकर, तेलुगू बोलणारे विणकर, आमच्या आजूबाजूच्या गावांतली कुणब्या-आगऱ्यांची पोरं, सगळी समोरच्या बांधावर दाटीवाटीनं बसायची. आम्ही बायका घराकडच्या बांधावर. हातात काम पाहिजे म्हणून मी सुपात वाल घेऊन बसायची आणि मॅच रंगात आली की साली सुपात आणि वाल मातीत टाकायची. सासूच्या शिव्या खाल्ल्यात त्यावरून.

आणि आवाज काय सांगू. आधीच ही माणसं मोठ्यानं बोलणारी, त्यात आपला क्लब खेळतोय. सगळ्यांचा म्होरक्या एक म्हातारा विणकर होता. त्याला अख्खी भिवंडी चचा म्हणायची. पातळ दाढी, लुंगी, आणि अंगाच्या मानानं देवानं चुकून दुसऱ्याच कुणाचा तरी गळा दिलेला. चचा ओरडला की आमच्या गोठ्यातली म्हैस दावं ओढायची. त्यानं आयुष्यात कधी चेंडूला पाय लावला नव्हता, पण क्लब हरला की दोन दिवस त्याला भाकर गोड लागायची नाही. असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

पाण्याचा माठ आमच्या घरचा. करंजाच्या झाडाखाली सासू स्वतः ठेवायची. माठावर ग्लास ठेवायची तो मात्र माझ्या रुखवतातला पितळी. तिचे स्वतःचे ग्लास डब्यात आणि सुनेचा गावाला. मी नवऱ्याकडं ओठांनी तक्रार केली, तर तो ओठांनीच म्हणाला, पुण्य तुझ्या खात्यात जमा होतंय. त्या ग्लासातून सगळे प्यायचे. भय्ये, तेलुगू, आमची पोरं, पाहुणी टीम, रेफरी. संध्याकाळी सासू तो राखेनं घासून पालथा घालायची.

एकटा गोली त्या माठाकडं कधी यायचा नाही.

गोली म्हणजे गोलकीपर. हा कातकरी होता, दापोड्याच्या पलीकडल्या पाड्यावरचा. निजामपुऱ्यात एका कारखान्यात ताण्याच्या सुताचे जड बीम उचलायच्या कामावर होता. ओढ्यात वाकून हातानं मासे धरत वाढलेला पोरगा, त्याच्या हातून चेंडू सुटायचा नाही. काळाकभिन्न, सडपातळ, बोलणं अगदी कमी. त्याला चचानंच क्लबात आणला होता. कारखान्याच्या गल्लीत वरून पडलेली सूत गुंडाळलेली कोनं हा बघता बघता हवेत झेलतो हे पाहून चचानं त्याला हात धरून थेट शेतात उभा केला. त्या मोसमातल्या स्पर्धेत क्लब जो पुढं पुढं गेला तो या पोराच्या हातांवर, हे कॅप्टनच्या आईनंही कबूल केलं असतं. पाणी मात्र तो स्वतःचं आणायचा. वाळक्या भोपळ्याचा तुंबा, तोंडाला पानाचा बोळा. गोलाच्या मागं ठेवलेला असायचा. त्याच्याकडं तुंबा होता म्हणून कधी प्रश्न आला नाही.

सेमीफायनलच्या दिवशी एक फटका दोरीवरून गेला तो थेट तुंब्यावर. फुटला. पाणी मातीत गेलं. गोलीनं नुसतं वळून बघितलं आणि पुन्हा गोलात उभा राहिला. शेवटी शेवटी समोरच्यांना पेनल्टी मिळाली. पोरानं उडी मारून चेंडू असा काही छातीशी धरला की चचा बांधावरून खाली शेतात पडला. जिंकलो. नुसता गोंधळ. टीम माठाकडं धावली, आणि तोही आला. घशाला कोरड पडलेली, तुंबा फुटलेला. आपली पाळी आली तेव्हा त्यानं ग्लास माठात बुडवला आणि प्यायला.

कॅप्टन त्याच्या मागंच उभा होता. हा क्लबच्या अध्यक्षांचा पुतण्या. अध्यक्षांचे लूमचे कारखाने, त्यामुळं पुतण्या कॅप्टन. खेळायचा बरा, खोटं कशाला बोलू. पण कारखान्यात कधी पाय टाकला तो केबिनपर्यंतच. त्यानं गोलीच्या खांद्यावर हात टाकला, सगळ्यांकडं बघून हसला, आणि तोंड त्याच्या कानाशी नेऊन हळूच काहीतरी बोलला. मग त्याच्या हातातला ग्लास काढून घेतला आणि बांधाखाली माठाचं पाणी सांडून झालेल्या चिखलात टाकून दिला. लांबून कुणालाही वाटलं असतं, शाब्बासकी देतोय.

माझ्या पुढ्यात सासूची पाठ होती, मला त्याचे ओठ दिसले नाहीत. पण समोरचा बांध गप्प झाला. एवढी माणसं, आत्ता नाचत होती, एकदम गप्प. गोलीनं क्लबचा बनियन काढला, घडी केली, माठाच्या झाकणावर ठेवला आणि उघड्या अंगानं बांध ओलांडून निघून गेला. मी धावत खाली उतरले. माझा ग्लास चिखलात पडला होता म्हणून धावले, असं तेव्हा वाटलं. वर आले तोवर नवरा जवळ आला होता. त्यानं मला काय झालं ते सांगितलं, तेही आवाज न करता, कारण ते तोंडानं बोलायची त्याला लाज वाटत होती.

कॅप्टन म्हणाला होता: "उंदीर खाणारी जात तुझी. ग्लास बाटवलास. तुंब्यातच पीत जा."

बिचाऱ्याला काय माहीत. आपण हळू बोललो म्हणजे कुणाला ऐकू गेलं नाही, असं त्याला वाटलं. ऐकू कुणालाच गेलं नव्हतं. पण समोर बसलेल्या प्रत्येक विणकरानं ते त्याच्या ओठांवर वाचलं होतं. लूमवाल्यांच्या गावात राहून हळू बोलणं हे गुपित समजायचं, यापरता मूर्खपणा नाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्या-कारखान्यांतून बोंब झाली. कॅप्टन म्हणाला, मी त्याला शाब्बास म्हटलं, ग्लास हातातून निसटला. चचानं जाऊन अध्यक्षांना सांगितलं की चौकशी करा, नाहीतर आम्ही शेताकडं फिरकणार नाही. अध्यक्ष वाईट माणूस नव्हता, पण घरातला मामला आला की भल्याभल्यांची पंचाईत होते. त्यांनी तीन बुजुर्गांची समिती नेमली. त्यात प्रमुख आमच्या नवऱ्याला शाळेत शिकवलेले मास्तर.

चौकशी झाली ती एका कारखान्याच्या ओट्यावर. गोली पाड्यावरून आलाच नाही. नवऱ्यानं मला सगळं साभिनय करून दाखवलंय, म्हणून मी तिथं असल्यासारखी सांगते. मास्तरांनी प्रत्येकाला विचारलं, तू ऐकलंस का? प्रत्येक जण म्हणाला, नाही ऐकलं, बघितलं. कॅप्टन म्हणाला, बघा सर, ऐकलेला एकही साक्षीदार नाही. मास्तर उठून कारखान्याच्या आत गेले, चालू लूमच्या पलीकडं जाऊन उभे राहिले आणि ओट्यावरच्या विणकरांकडं तोंड करून ओठ हलवले. बाहेर येऊन विचारलं, मी काय म्हटलं? सगळे खाली बघायला लागले. शेवटी चचा म्हणाला, मास्तरसाब, आपण म्हणालात की कंबर मोडलीय आणि या लफड्यातून देव सोडवील तर बरं. मास्तर इतके हसले की त्यांचा चष्मा खाली आला. मग गंभीर झाले आणि तिघांनी मिळून निकाल लिहिला: तक्रार खरी आहे, कॅप्टन बोलला ते जातीवरून बोलला. त्या तीन म्हाताऱ्यांना माझा आजही नमस्कार.

आता खरा तमाशा पुढं आहे. निकाल गेला क्लबकडं, आणि क्लबनं त्याचं काय करायचं ते ठरवलं. शुक्रवारी सरावाच्या वेळी अध्यक्षांनी आमच्या शेतात खुर्ची मांडून ते वाचून दाखवलं. अनुचित शब्द वापरला गेल्याचं दिसून आलं आहे. म्हणजे बघा, वापरला गेला. कोणी वापरला ते नाही. शब्द आपला आपणच बांधावर हवा खायला आला असावा. पुढं असं की, संबंधितांना समज देण्यात आली आहे. दोघांनी हात मिळवावेत. क्लबच्या एकीसाठी हा विषय इथंच मिटला असं समजावं. आणि यापुढं वाद नको म्हणून मैदानावर माठ आणि ग्लास ठेवला जाणार नाही, प्रत्येकानं आपापलं पाणी आणावं.

मी वाल सोलता सोलता थांबले. डोकं असं तापलं माझं. अरे, तो पोरगा इतके दिवस आपापलंच पाणी तर आणत होता. कॅप्टन त्याला म्हणाला, तुंब्यातच पी. क्लबनं तेच वाक्य साबण लावून धुतलं आणि सगळ्यांसाठी नियम करून टाकला.

चचाला ते लगेच कळलं. तो अध्यक्षांसमोर ओरडला नाही. आमच्या ओट्यावर येऊन बसला, मी चहा दिला तो बशीत ओतून निवत ठेवला, आणि नवऱ्याला म्हणाला, की जखम लपवायची म्हणून यांनी अख्ख्या गावाला पट्टी बांधली. त्याच्याबरोबर आलेली तरणी पोरं भडकली होती. कुणी म्हणालं फायनलला जायचंच नाही, कुणी म्हणालं कॅप्टनला गल्लीत गाठू. चचानं दोन्ही मोडून काढलं. न गेलो तर त्यांना बरंच होईल, म्हणतील यांना क्लबची पर्वा नव्हती. मारलं तर तो बिचारा ठरेल. क्लब आपला आहे, आपण जाणार.

तेवढ्यात गोलीची आई दारात आली. ती आमच्याकडं लाकडाची मोळी घालायची. डोक्यावरची मोळी टाकून उंबऱ्याबाहेर बसली आणि सासूला म्हणाली की ही शेवटची मोळी, फायनलच्याच दिवशी ट्रक येणार आहे, आम्ही सगळी वीटभट्टीवर चाललो. पोरगापण येतो म्हणतो. बीम उचलायचं सोडलंन, गोल सोडलंन. मी विचारलं, तो हात मिळवायला का येत नाही, क्लबनं बोलावलंय ना? तिनं सांगितलं की क्लबचा माणूस आला होता पाड्यावर, तेव्हा पोरगा त्याला एवढंच म्हणाला की मी पाणी पेलो, चोरी न्हाय केली. जिथं माझ्या तोंडाचा ग्लास चिखलात टाकला तिथं मी हात कशाला देऊ.

भट्टीवर गेलेली माणसं पावसाळ्याच्या तोंडाला परततात, अंगावर विटांची धूळ आणि चेहऱ्यावर वर्षांची भर घेऊन. तो एकदा गेला असता तर ना कारखाना, ना गोल. हे चचालाही कळत होतं. त्यानं बशी खाली ठेवली.

"जब तक वो लड़का उस ग्लास से पानी नहीं पीता," चचा म्हणाला, "तब तक मैदान में हमारे हलक़ से आवाज़ नहीं निकलेगी."

पोरं हसायला लागली. चचा गप्प बसणार, म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवणार. पण तो हसत नव्हता. त्यानं गोलीच्या आईकडं वळून हात जोडले आणि सांगितलं, ट्रकवर चढायच्या आधी पोराला एकदा शेतावरून घेऊन जा, खेळू दे नको खेळू दे. ती मोळीखालची चुंबळ उचलून निघून गेली.

मग सासूचं प्रकरण. माझी सासू सोवळ्या-ओवळ्याची. गोलीच्या आईला ती पाणी द्यायची ते वरून ओतून, ओंजळीत. तिच्याकडून मला काही अपेक्षा नव्हती. पण क्लबचा माणूस माठ ठेवू नका असं सांगायला आला तेव्हा ती दारात कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. शेत माझं, बांध माझा, माठ माझा, म्हणाली, तहानेल्याला पाणी ठेवायचं का न्हाय ते माझ्या सासऱ्यानं ठरवलंय, तुझ्या क्लबानं न्हाय. तो गेल्यावर मी हळूच विचारलं, आई, आणि ग्लास? ती म्हणाली, ग्लासाचं मला नको इचारू.

फायनलचा शुक्रवार उजाडला. खाडीपलीकडची टीम आली होती, चांगली तालेवार. समोरचा बांध भरून गेला, नेहमीपेक्षा जास्तच. आणि आवाज नाही. तुम्हाला सांगते, मी आयुष्यात तसं काही अनुभवलं नाही. शिट्टी वाजली, चेंडू पळायला लागला, आणि बांधावर एवढी माणसं मांडी घालून बसलेली, खोकलासुद्धा दाबून. चेंडूवर पाय बसल्याचा आवाज, खेळाडूंचं धापा टाकणं, धसकट टोचलं की कुणाचं तरी आई गं, सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. आमच्या म्हशीला चैन पडेना, ती सारखी मान बाहेर काढून बघत होती.

आमची टीम पार बावचळली. या पोरांना कधी कळलंच नव्हतं की आपण त्या आरडाओरड्यावर पळतो. नवा गोली बिचारा घाबरलेला, दोन गोल खाल्ले. कॅप्टन एकदा चेंडू घेऊन चांगला पुढं घुसला, एरवी चचानं आकाश फाडलं असतं, आणि आता नुसती शांतता. तो थांबला, बांधाकडं वळला आणि हात पसरून म्हणाला, अरे बोला ना रे. कुणी बोललं नाही. चचाच्या गळ्याच्या शिरा मला इकडून दिसत होत्या. त्या म्हाताऱ्यानं आवाज दाबून धरला होता, आणि तो दाबताना त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मला भडभडून आलं. आपलं माणूस हरताना बघायचं आणि गप्प बसायचं, तेही दुसऱ्याच्या घोटभर पाण्यासाठी. सोपं नाही हो.

हाफ-टाईम झाला. टीम करंजाखाली आली, प्रत्येकाच्या हातात आपापली बाटली नाहीतर तांब्या. तेवढ्यात आमच्या घरामागच्या वाटेनं गोलीची आई येताना दिसली, डोक्यावर बोचकं, आणि तिच्यामागं तो. त्याच्या खांद्यावर पण बोचकं. नवा तुंबा कमरेला. तो बांधावर थांबला. आत येईना.

समोरच्या सगळ्या माना वळल्या. मग सगळ्यांचे ओठ हलले. एकदम, एकच. आवाज नाही, नुसते ओठ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पाहुण्या टीमला वाटलं असेल हे गावच्या गाव वेडं आहे. कॅप्टन डोळे फाडून बघत होता, त्याला काही कळत नव्हतं. मला कळत होतं, आणि कारखान्यात बीम वाहिलेल्या त्या पोरालाही कळत होतं. ते म्हणत होते, आ जा, पानी पी.

तो बोचकं आईजवळ ठेवून शेतात उतरला. माठाजवळ आला, आणि तिथं सगळे अडले, कारण माठ होता, पण ग्लास नव्हता. मी घरात पळणार तेवढ्यात सासू पुढं झाली. कनवटीला हात घातला आणि माझा पितळी ग्लास बाहेर काढला. राखेनं नाही, चिंचेनं घासलेला, लखलखीत. मला पत्ता नव्हता. तिनं तो माठात बुडवला, भरला, आणि वरून न ओतता त्याच्या हातात दिला. म्हणाली, पी रं पोरा.

तो प्यायला. सावकाश, घोट घोट. पिऊन झाल्यावर तो ग्लासाची कड आपल्या हातानं पुसायला गेला, तर चचा येऊन पोहोचला होता. त्यानं तो तसाच काढून घेतला, न पुसता, माठात बुडवला आणि प्यायला. त्याच्यामागं माझा नवरा. त्याच्यामागं रांग. आमच्या गावांतली पोरं, ज्यांच्या घरी हे कळलं असतं तर चुलीपर्यंत जाऊ दिलं नसतं, तीही रांगेत. रेफरीनं शिट्टी वाजवली, कुणी हललं नाही, तेव्हा तोही येऊन एक ग्लास पिऊन गेला. मास्तर कंबर धरून आले. आणि माझी सासू, जी परक्याच्या घरचं पाणी तोंडात घेत नव्हती, तिनं आपल्याच माठातलं पाणी त्या ग्लासातून प्यायलं आणि पदरानं तोंड पुसलं. त्या दिवसानंतर ती मला कितीही बोलली तरी मी उलट उत्तर दिलं नाही. म्हणजे फारसं दिलं नाही.

शेवटी उरला कॅप्टन. सगळे त्याच्याकडं बघत होते. बराच वेळ तो बुटानं माती उकरत राहिला. मग आला. खरं सांगते, मला तेव्हा त्याची दयाही आली, आणि थोडं कौतुकही वाटलं, कारण काका खुर्चीवरून नको नको अशी मान हलवत होते आणि तरी तो आला. त्यानं ग्लास घेतला आणि पाणी प्यायलं. मग गोलीजवळ सरकला आणि मान खाली घालून, अगदी हळू, ओठांतल्या ओठांत म्हणाला, माझं चुकलं, माफ कर.

समोरच्या बांधानं ते वाचलं. मला सगळ्यांचे खांदे सैल झालेले दिसले. चचानं छाती भरून श्वास घेतला, आता आकाश फाटणार. पण गोलीनं हात वर केला. चचा थांबला.

गोली कॅप्टनला म्हणाला, "मोठ्यानं बोल. माझी आय लूमवर न्हाय काम करीत. तिला वठ वाचता येत न्हाय."

कॅप्टननं वळून बघितलं. घराकडच्या बांधावर, आम्हा बायकांपासून जरा लांब, ती दोन बोचकी सांभाळत बसली होती. इतका वेळ काय चाललंय ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं. कॅप्टन चार पावलं तिच्याकडं चालला. मग बोलला, ते अख्ख्या शेताला ऐकू गेलं.

"मी तुमच्या मुलाला जातीवरून बोललो. ते वाईट बोललो. माझं चुकलं."

तिनं त्याच्याकडं बघितलं, मग आपल्या पोराकडं. मग तिनं पोराचं बोचकं मांडीवर ओढून त्याची गाठ सोडायला घेतली.

"आयकलं," ती म्हणाली.

तेव्हा कुठं चचानं तोंड उघडलं, आणि आमच्या म्हशीनं दावं तोडलं.